वाचकांचे प्रश्न : सॉफ्टवेअर घेण्याआधी माहितीची मांडणी

संस्थेत नवे सॉफ्टवेअर येण्यापूर्वी माहितीची मांडणी कशी ठरवावी, या विषयावर गेल्या अंकात एक टिपण प्रसिद्ध झाले. त्यानंतर सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून बरीच पत्रे आली. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे आणि संस्थांची ओळख गाळली आहे. ज्यांनी ते टिपण वाचले नसेल त्यांच्यासाठी एवढे सांगतो की संस्थेत कोणकोणत्या गोष्टींची नोंद राहते, त्या प्रत्येक गोष्टीला काय म्हणायचे, तिचे इतर गोष्टींशी नाते काय, ती नोंद कोणी करायची, कोणी दुरुस्त करायची आणि शोधणाऱ्याला ती कोठे सापडेल, हे आधी कागदावर ठरवणे म्हणजे माहितीची मांडणी. इन्फर्मेशन आर्किटेक्चर हा तिच्यासाठीचा शब्द रिचर्ड सॉल वुर्मन यांनी १९७० च्या दशकात रूढ केला. ते स्वतः वास्तुरचनाकार होते. घराचा नकाशा गवंडी यायच्या आधी काढतात, हे त्यांना वेगळे शिकावे लागले नसणार.

प्रश्न : अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. माग, रंगखाना, शिलाई, पॅकिंग आणि नवी पेठेत किरकोळ विक्रीचे दुकान असा पसारा आहे. आता ईआरपी, म्हणजे खरेदी, उत्पादन, साठा, विक्री आणि हिशेब एकत्र ठेवणारे सॉफ्टवेअर, घ्यायचे ठरले आहे. विक्रेता म्हणतो की एक्सेलच्या फायली द्या, तीन आठवड्यांत सुरू करून देतो. धाकट्या भावाला घाई आहे, मला मात्र धीर होत नाही. आधी काय ठरवायला हवे?
— एक कारखानदार, सोलापूर

उत्तर : आपल्याला धीर होत नाही, हे योग्यच आहे. विक्रेत्याचे तीन आठवडे खोटे नसतात. तेवढ्या दिवसांत पडद्यावरचे रकाने खरोखर भरले जातात. पण त्या रकान्यांत जे भरले जाईल त्याचा अर्थ मागावर देखरेख करणारा जॉबर, दुकानातला विक्रेता आणि आपले हिशेब पाहणारे सीए हे तिघे एकच लावतात का, हे त्या तीन आठवड्यांत कोणी विचारत नाही.

माझी पहिली सूचना अशी की एक दिवस मोकळा ठेवून एकच टॉवेल हातात घ्यावा आणि सुताच्या गोदामापासून दुकानाच्या गल्ल्यापर्यंत त्याच्याबरोबर चालत जावे. प्रत्येक ठिकाणी तेथील माणसाला, ‘याला तुम्ही काय म्हणता आणि कोठे लिहिता?’ एवढेच विचारावे आणि त्याचे उत्तर त्याच्याच शब्दांत वहीत उतरवावे. अशाच एका कारखान्यात मी हे केले तेव्हा मागाच्या कार्डावर तो टॉवेल ‘तीस-साठ चारशे’ होता, रंगखान्याच्या वहीत ‘मोरपंखी, लॉट ११’ होता, शिलाईवरच्या बायका त्याला ‘पट्टीवाला’ म्हणत होत्या, पॅकिंगच्या खोक्यावर ‘मोठा निळा’ लिहिले होते, दुकानात तो ‘बाथ टॉवेल’ होता आणि बिलावर एचएसएन ६३०२६० या कराच्या माल-संकेतांकाखाली नुसता ‘टेरी टॉवेल’. एका टॉवेलाची सहा नावे झाली. त्यांतले एकही चुकीचे नाही, कारण प्रत्येक नाव त्या त्या जागी काम भागवते. मात्र सहा ठिकाणच्या फायली एकत्र ओतल्या की यंत्राला हे सहा वेगवेगळे माल दिसतात आणि शिल्लक साठा कधीही जुळत नाही.

हे मी अनुभवाने सांगतो. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका संस्थेची जुनी माहिती नव्या प्रणालीत भरण्याचे काम माझ्याकडे होते आणि नावांचा हा फरक मी आधी तपासला नाही. एकाच ग्राहकाची तीन-तीन खाती तयार झाली, वसुलीची पत्रे पैसे भरलेल्यांना गेली आणि पुढचे सात महिने दोन कारकून रोज संध्याकाळी थांबून ती खाती हाताने जोडत होते. त्या दोघांचे ते कष्ट मी अजून विसरलेलो नाही.

आता या सहा नावांचे करायचे काय? बहुतेक लोक एक लांबलचक यादी करतात आणि प्रत्येक मालाला एक नाव देतात. आपल्या धंद्यात ती यादी कधीच संपणार नाही. समजा, आपल्याकडे सहा मापे, चार वजने, वीस रंग आणि पंधरा डिझाइने आहेत. त्यांची मिश्रणे ७,२०० होतात. त्याऐवजी माप, वजन, रंग आणि डिझाइन हे चार स्वतंत्र रकाने ठेवले, तर ठरवायचे शब्द फक्त ४५ उरतात. आपल्याकडे ही दृष्टी ग्रंथालयशास्त्राने पूर्वीच दिलेली आहे. एस. आर. रंगनाथन यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती १९३३ साली प्रसिद्ध झाली. प्रत्येक पुस्तकाला आधीच बांधलेल्या खणात कोंबण्याऐवजी विषयाचे पैलू वेगळे करून ते हवे तसे जोडायचे, हे तिचे सूत्र होते. लंडनच्या एका दुकानात मेकॅनो हे सुटे भाग जोडायचे खेळणे पाहून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. टॉवेलही असाच जोडता येतो. ‘मोरपंखी’ आणि ‘निळा’ यांपैकी अधिकृत शब्द कोणता, हे रंगखान्यात बसून ठरवावे. दुसरा शब्द पर्यायी नाव म्हणून नोंदवावा, म्हणजे दुकानदाराने ‘निळा’ शोधले तरी मोरपंखी सापडेल. माणसांच्या तोंडचे शब्द बदलण्याचा हट्ट धरू नये.

परिमाणांकडे विशेष लक्ष द्यावे. सूत किलोवर येते, मागावर नग मोजतात, दुकानात डझनावर विकतात आणि बाहेरगावी खोकी जातात. ३० बाय ६० इंचांचा टॉवेल सुमारे १.१६ चौरस मीटरचा असतो. चौरस मीटरला ४०० ग्रॅम धरले तर एक नग सुमारे ४६५ ग्रॅमचा आणि डझन साडेपाच किलोच्या किंचित वर भरतो. वजन ४५० केले की तोच डझन सव्वासहा किलोच्या आसपास जातो. म्हणजे मूळ परिमाण नग धरायचे की किलो आणि एकातून दुसऱ्यात जाताना कोणत्या टप्प्यावरचे वजन घ्यायचे, धुण्याआधीचे की नंतरचे, हे ठरल्याशिवाय सुताची घट प्रणालीला कळणार नाही. माझ्या मते आपल्या कारखान्यात सर्वांत जास्त वेळ याच एका मुद्द्याला द्यावा लागेल आणि तो द्यावा.

व्यापाऱ्यांच्या खात्यांचे काम त्या मानाने सोपे आहे, कारण त्याची निम्मी मांडणी सरकारने करून ठेवलेली आहे. १५ अक्षरांच्या जीएसटी क्रमांकात पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७, कर्नाटकाचे २९, तेलंगणाचे ३६, आणि त्यापुढची दहा अक्षरे पॅन क्रमांकाची असतात. एखाद्या व्यापाऱ्याचे सोलापूर आणि हैदराबाद अशा दोन्ही ठिकाणी दुकान असेल, तर त्याचे क्रमांक दोन असतील, पण मधली दहा अक्षरे सारखीच राहतील. म्हणून पक्ष (म्हणजे व्यापारी) एक आणि नोंदण्या अनेक, असे नाते धरावे. उधारीची मर्यादा पक्षाला लागू होईल आणि बिल नोंदणीच्या नावे निघेल. आपल्या मालाचे संकेतांक ठरवताना मात्र एक पथ्य पाळावे. जे बदलू शकते ते संकेतांकात घालू नये. गोदामाचा क्रमांक संकेतांकात गुंफला आणि उद्या गोदाम हलवले, तर सगळे संकेतांक खोटे ठरतात. जुने संकेतांक आणि नवे संकेतांक यांची तुलनात्मक यादीही जपून ठेवावी, कारण जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळावी लागतात आणि तोवर जुने बिल वाचता आले पाहिजे.

शेवटी, दर सोमवारी आपण स्वतः काय विचारता ते लिहून काढावे. ‘कोणत्या मागावर किती दिवस कोणते बीम (ताण्याच्या सुताचा रूळ) आहे?’, ‘कोणाची उधारी साठ दिवसांवर गेली?’, ‘कोणता रंग पडून आहे?’ असे दहा-बारा प्रश्न निघतील. आपले पन्नास टॉवेल, दहा पक्ष आणि हे प्रश्न विक्रेत्याला द्यावेत आणि त्याच्या प्रणालीतून उत्तरे काढून दाखवायला सांगावे. या सगळ्याला आपल्या आकाराच्या कारखान्यात महिना-दीड महिना लागेल, असे भावाला आधीच सांगून ठेवावे.

प्रश्न : आमच्या शिक्षण संस्थेच्या शहरात सहा शाळा आहेत. विद्यार्थ्यांच्या नोंदींसाठी एकच प्रणाली आणि सर्वांसाठी एकच संकेतस्थळ करण्याचे संचालक मंडळाने मंजूर केले आहे. प्रत्येक मुख्याध्यापकांना आपल्या शाळेचा स्वतंत्र विभाग हवा आहे, तर कार्यालयाला आपल्या शाखांप्रमाणे रचना हवी आहे. बैठकींत यावरच वेळ जातो. कोणाचे ऐकावे?
— एका शिक्षण संस्थेचे कार्यालय अधीक्षक

उत्तर : महोदय, आपण ज्या दोन बाजू लिहिल्या आहेत त्यांत पालक कोठेच नाही. संस्थेची अंतर्गत रचना तिच्या प्रणालीत जशीच्या तशी उतरते, हे निरीक्षण मेल्विन कॉनवे यांनी १९६८ सालीच मांडले होते. लेखा शाखा, आस्थापना शाखा, परीक्षा शाखा ही वाटणी आपल्या सोयीची आहे. दाखल्यासाठी अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेल्या पालकाला ती माहीत असण्याचे कारण नाही.

यावर एक साधा उपाय आहे. लोक आपल्याकडे जे जे मागायला येतात त्यातली चाळीस-पन्नास कामे जाड कागदाच्या चिठ्ठ्यांवर एकेक करून लिहावीत : बोनाफाईड, शाळा सोडल्याचा दाखला, फीची पावती, शिष्यवृत्तीचा अर्ज, जन्मतारखेतील दुरुस्ती, गणवेशाची माहिती, बसची वेळ इत्यादी. मग पंधरा-वीस पालकांना एकेकटे बसवून, ज्या चिठ्ठ्या एकत्र असाव्यात असे वाटते त्यांचे गठ्ठे करायला आणि प्रत्येक गठ्ठ्याला नाव द्यायला सांगावे. मध्ये बोलू नये. एका शाळेत हा प्रयोग झाला तेव्हा एका आईने बोनाफाईड, शाळा सोडल्याचा दाखला आणि निकालपत्राची दुसरी प्रत या तीन चिठ्ठ्या उचलून एकावर एक ठेवल्या आणि वर लिहिले : ‘शाळेचा शिक्का लागणारे कागद’. कार्यालयात ही तीन कामे तीन टेबलांवर होत होती. तिने केलेली वाटणी आमच्या सगळ्यांच्या वाटणीपेक्षा सरस होती आणि पुढे संकेतस्थळावर ‘दाखले व प्रती’ हा विभाग त्याच गठ्ठ्यावरून तयार झाला. सोलापुरात पालक निवडताना घरी मराठी बोलणाऱ्यांबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारेही घ्यावेत. त्यांचे शब्द वेगळे असतात आणि कार्यालयात त्यांचीच अडचण जास्त होते.

मुख्याध्यापकांचे म्हणणे मात्र पूर्णपणे बाजूला सारण्यासारखे नाही. विद्यार्थ्याची ओळख ठरवताना शाळा महत्त्वाची आहेच. प्रत्येक शाळेचे जनरल रजिस्टर वेगळे असल्यामुळे १०४२ हा क्रमांक आपल्या सहाही शाळांत सापडेल आणि सहा वेगळ्या मुलांचा असेल. एकत्र प्रणालीत नुसता रजिस्टर क्रमांक धरला तर एका मुलाचे गुण दुसऱ्याच्या नावावर जाण्याचा धोका आहे. शाळेचा ११ अंकी यू-डायस (सरकारी शाळा-ओळख) क्रमांक आणि रजिस्टर क्रमांक मिळून विद्यार्थ्याची ओळख धरावी. विद्यार्थी संस्थेच्याच दुसऱ्या शाळेत गेला तर त्याचा तेथील रजिस्टर क्रमांक बदलतो, म्हणून या जोडीच्या वर संस्थेचा एक कायम क्रमांकही द्यावा, जो कधीच बदलणार नाही. सहा मुख्याध्यापक आणि आपण एकत्र बसून सर्वांत आधी एवढेच ठरवा. मुखपृष्ठावर कोणाच्या शाळेचे छायाचित्र असावे, ही चर्चा त्यानंतर करता येईल.

प्रश्न : आमच्या कार्यालयात एकाच पत्राच्या ‘अंतिम’, ‘अंतिम दोन’, ‘सुधारित अंतिम’ अशा फायली असतात. नावे कशी द्यावीत?
— एक वरिष्ठ लिपिक, पंढरपूर

उत्तर : तारीख नावाच्या सुरुवातीला लिहावी आणि ती वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहावी, उदाहरणार्थ २०२५-०४-०३. आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकात हीच पद्धत आहे. तिचा फायदा असा की फायली आपोआप कालक्रमाने लागतात आणि ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च हा घोळ राहत नाही. त्यापुढे विषय आणि आवृत्तीचा क्रमांक लिहावा. ‘अंतिम’ हा शब्द नावात वापरूच नये. मान्यता मिळालेली प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये हलवावी आणि तेथे लिहिण्याचा अधिकार एकाच व्यक्तीला द्यावा.

प्रश्न : मी महसूल खात्यातून निवृत्त झालो आहे. आपले टिपण वाचताना सारखे वाटत होते की यात नवे काय? आमच्या दप्तरात हे सगळे होते, अगदी कागदांची अ, ब, क, ड वर्गवारीसुद्धा. माझे चुकते आहे का?
— एक निवृत्त कर्मचारी, मोहोळ

उत्तर : आपले मुळीच चुकत नाही आणि आपल्या पत्राने मला मोठा आनंद झाला. गावाच्या महसुली नोंदींचे १ ते २१ हे गाव नमुने म्हणजे माहितीच्या मांडणीचा आपल्या मातीतला उत्तम नमुना आहे, असे मी अनेक ठिकाणी सांगतो. गाव नमुना सात जमिनीच्या तुकड्याप्रमाणे लावलेला असतो : हा गट कोणाचा? आठ-अ खातेदाराप्रमाणे लावलेला असतो : या माणसाची कोणकोणती जमीन? माहिती एकच आहे, पण विचारणारे दोन प्रकारचे आहेत, म्हणून वाटाही दोन ठेवल्या आहेत. हक्कात बदल झाला की तो आधी गाव नमुना सहामध्ये फेरफार म्हणून नोंदला जातो आणि त्या फेरफाराचा क्रमांक सातवर येतो. त्यामुळे आजची स्थिती आणि ती कशी आली याचा माग, या दोन्ही गोष्टी एकमेकींत न मिसळता एकमेकींशी जोडलेल्या राहतात. आजच्या कितीतरी महागड्या प्रणालींत हा माग सापडत नाही.

आपण ज्याला सहजपणे सातबारा म्हणतो त्यात सात आणि बारा हे दोन वेगळे नमुने आहेत, हेही किती दूरदृष्टीचे होते ते पाहा. हक्क सातमध्ये आणि पिके बारामध्ये, अशी वाटणी असल्यामुळेच २०२१ मध्ये राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली तेव्हा पिकाची नोंद करण्याचे काम शेतकऱ्याच्या मोबाइलवर देता आले आणि मालकी हक्काच्या नोंदीला हात लावावा लागला नाही. हे दोन्ही एकाच रकान्यात असते तर असा बदल कोणी करू धजले नसते. नवी प्रणाली आखणाऱ्या तरुणांना मी सांगतो की ज्या दोन गोष्टी वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या माणसांकडून बदलतात, त्या वेगळ्या ठेवा. मग पुढे कोणता बदल येईल याचा आज अंदाज नसला तरी चालते.

दप्तराच्या अ, ब, क, ड वर्गवारीचा उल्लेख आपण केला आहे. कोणता कागद कायम ठेवायचा आणि कोणता वर्षभरात नष्ट करायचा, हे कागद तयार होतानाच ठरलेले असणे ही फार मोलाची गोष्ट आहे. संगणकावर जागा स्वस्त झाल्यापासून संस्थांनी ही शिस्त सोडून दिली आणि आज सगळेच ‘अ’ वर्गात पडून आहे. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील कलम ४ सार्वजनिक प्राधिकरणांकडून अभिलेख सूचिबद्ध करून ठेवण्याची अपेक्षा करते. ती पूर्ण करायची तर आपल्यासारख्यांचे ज्ञान लागेल. आपल्या गावातील वाचनालय, पतसंस्था किंवा शाळा संगणकीकरण करत असेल, तर त्यांच्या बैठकीला अवश्य जाऊन बसावे, ही विनंती.

प्रश्न : आमची पतसंस्था साखर पेठेत आहे. सभासदांची यादी जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे. नवे सॉफ्टवेअर घेतल्यावर ती यादी उघडली तर सगळी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे दिसतात. विक्रेता म्हणतो, कन्व्हर्टर लावून एका दिवसात काम होईल. शिवाय एकाच सभासदाचे नाव तीन प्रकारे लिहिलेले सापडते. यातून मार्ग कसा काढावा?
— एका पतसंस्थेचे सचिव

उत्तर : हा प्रश्न मराठीत काम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येक जुन्या संस्थेचा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसत असले तरी साठवलेली अक्षरे रोमनच असतात; फॉन्ट फक्त त्यांना देवनागरीचा आकार देतो. फॉन्ट गेला की खालची अक्षरे उघडी पडतात. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून तेथे ही अडचण येत नाही. कन्व्हर्टर जुन्यातून नव्यात नेतो हे खरे, पण जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते आणि युनिकोडमध्ये अक्षरानंतर. रफाराचेही असेच स्थान बदलते. जोडाक्षरात येथेच चुका होतात. एका दिवसात रूपांतर होईल, पण तपासणीला महिना द्यावा लागेल.

तपासणी कोठून सुरू करावी? आपल्या ग्रामदैवताच्या नावापासूनच करा. सोलापुरात सिद्धेश्वर, सिद्धाराम, सिद्राम या नावांची माणसे गल्लोगल्ली आहेत आणि ‘सिद्धेश्वर’ऐवजी ‘सिध्देश्वर’ असे टाइप झालेले प्रत्येक यादीत सापडते. ‘द’ला ‘ध’ जोडलेला आणि ‘ध’ला ‘द’ जोडलेला, डोळ्यांना फरक चटकन कळत नाही, पण यंत्राला हे दोन वेगळे सभासद वाटतात. तेलुगूभाषक सभासदांच्या बाबतीत ‘नरसय्या’, ‘नरसैय्या’ आणि ‘नर्सय्या’ अशी तीन रूपे मिळतील. याहून फसवे उदाहरण ‘कऱ्हाडे’सारख्या आडनावांचे आहे : त्यातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो, एकदा नुक्ता असलेल्या ‘ऱ’ने आणि एकदा साध्या ‘र’च्या पुढे न दिसणारे जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात आणि शोध घेतला की एकच सापडते. पिनकोड ४१३००१ देवनागरी अंकांत लिहिला आणि शोधणाऱ्याने तो रोमन अंकांत टाइप केला, तरी हेच होते. म्हणून साठवताना कोणते रूप चालेल, याचा लेखी नियम आधी करा आणि तो सॉफ्टवेअरच्या कराराला जोडा. नोंद करताना चुकीचे रूप आले तर प्रणालीने ते आपोआप नियमातल्या रूपात बदलावे, अशी अट त्यात असू द्या.

मात्र नाव शुद्ध करताना एक मर्यादा ओलांडू नये. सभासद आपले नाव ‘नरसैय्या’ असे लिहीत असेल, तर ते ‘नरसय्या’ करण्याचा संस्थेला अधिकार नाही. त्याच्या ओळखपत्रावर जे आहे तेच मुख्य नाव, बाकीची रूपे शोधण्यासाठीची पर्यायी नावे. माणसाची ओळख नावावर न ठेवता ‘आय’ नमुन्यातील (सभासद नोंदवहीतील) सभासद क्रमांकावर ठेवावी आणि राजीनामा दिलेल्या किंवा दिवंगत झालेल्या सभासदाचा क्रमांक पुन्हा कोणालाही देऊ नये. काही संस्थांत असा क्रमांक मुलाला वारसाने दिला जातो. भावना समजू शकते, पण मग वडिलांचे जुने कर्ज मुलाच्या खात्यावर दिसू लागते.

या निमित्ताने आणखी एक काम करून घ्या. जुन्या यादीत सभासदांचे जन्मगाव, जात, जोडीदाराचा व्यवसाय असे रकाने असतील तर प्रत्येक रकान्यापुढे, ‘हे आपण कशासाठी वापरतो?’ असे लिहून उत्तर मागा. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला आणि माहिती कोणत्या हेतूने घेतली, याला त्यात मध्यवर्ती महत्त्व आहे. ज्या रकान्याला उत्तर नाही तो नव्या प्रणालीत नेऊ नये.

संपूर्ण यादी एकदम हाती घेऊ नका. ऑनलाइन सातबारा अचूक करताना गावोगाव चावडी वाचन झाले होते, म्हणजे नोंदी मोठ्याने वाचून ज्याच्या त्याच्याकडून खात्री करून घेतली गेली. तसेच येथे करावे. पहिल्या आठवड्यात फक्त ‘स’पासून सुरू होणारी नावे घ्या. एका कारकुनाने छापील ‘जे’ नमुन्यातून (सभासदांच्या यादीतून) वाचावे, दुसऱ्याने पडद्यावर पाहावे, आणि सभासद व्यवहारासाठी खिडकीशी आला की त्याला त्याचे नाव दाखवून विचारावे. त्या एका अक्षरात किती चुका निघतात ते मोजून ठेवा. बाकीच्या यादीला किती दिवस लागतील याचा हिशेब त्यावरून मांडा आणि विक्रेत्याला सुरुवातीची तारीख त्यानंतरच द्या.